क्रमवारी कुणाची लावायची?

विज्ञान आणि अद्भुत साहित्यासाठीच्या ह्यूगो पुरस्कारांत 2025 साली सर्वोत्कृष्ट कादंबरी म्हणून रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांच्या 'द टेन्टेड कप' या अद्भुत कादंबरीचे नाव पुकारले गेले. ह्यूगोची निवड सभासद वाचक करतात. अंतिम यादीतल्या सहा कादंबऱ्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती द्यायची. एकही लायक वाटली नाही, तर 'पुरस्कार कुणालाच नको' असेही मत देता येते. ही मतपत्रिका बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या एखाद्या वाचनालयात ठेवावी आणि वर्षभरातल्या सहा नव्या मराठी विज्ञान किंवा अद्भुत कादंबऱ्यांची नावे मागावीत. नेमाने वाचणारा माणूसही दुसऱ्या नावाला अडेल, अशी आमची भीती आहे. भांडण क्रमांकावरून व्हायला हवे होते. इथे उमेदवारच सापडत नाहीत.

आणि हे मराठीत! हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 सालची. आपल्या कादंबरीने सुरुवातीची बरीच पावले टाकली ती अद्भुताचे बोट धरून. पुढे भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी घराघरांत नेला, नारायण धारपांनी वाचकांच्या रात्री जागवल्या. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आली, तिच्यावर नारायण विनायक जगताप असे नाव होते. आपले नाव पाहून परीक्षक दबू नयेत म्हणून खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी आद्याक्षरे उलटी केली होती. कथा पहिली आली. 'प्रेषित', 'वामन परत न आला' या कादंबऱ्या त्यानंतरच्या. 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 20 मे 2025 रोजी ते गेले, श्रद्धांजलीचे रकाने भरले. पण पुढची कादंबरी कोण लिहिणार, हा प्रश्न त्या रकान्यांत क्वचितच दिसला.

विज्ञानकथा अजून तग धरून आहे, तीही दिवाळी अंकांच्या आणि स्पर्धांच्या आधाराने. कादंबरीला दोन-तीन वर्षांची बैठक लागते आणि जोखीम घेणारा प्रकाशक लागतो. प्रकाशक मात्र अनुवाद छापून मोकळा होतो. वाचनालयात अशी विज्ञान किंवा अद्भुत कादंबरी हमखास बालविभागात जाते. समीक्षकांचे तर सोडाच.

हा पुण्या-मुंबईचा प्रश्न, बीडला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. उलट बीडलाच त्याचे सर्वांत जास्त आहे. इथे एक 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल घेऊन ती दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागते. मागे आजी-आजोबा आणि हंगामी वसतिगृहातली मुले राहतात. आता फडात ऊसतोडणी यंत्र उतरले आहे. कोयत्याची गरज संपेल त्या दिवशी ही जोडी उचल कशी फेडेल, ते वसतिगृह कुणासाठी चालेल? याच मराठवाड्यात 2019 मध्ये विमानाने ढगांवर फवारणी करून पाऊस पाडण्याचे प्रयोग झाले आणि सप्टेंबर 2025 मध्ये याच बीडमध्ये पुराने उभी पिके खरवडून नेली. ढग पळवल्याच्या संशयावरून दोन तालुक्यांत जुंपल्याची कादंबरी कुणाला रचून सांगावी लागेल का? तिचा कच्चा माल बांधावर पडून आहे. आमच्या ग्रामीण कादंबरीने दुष्काळ पुष्कळ लिहिला, पण तो झालेला दुष्काळ. 2060 सालचे पाटोदा किंवा शिरूर कासार अजून कुणी लिहायला घेतलेले आमच्या पाहण्यात नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईत, संतकवी दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडीही तिथलीच. त्यामुळे त्या आनंदात बीडचा वाटा मोठा होता. पण तो दर्जा गतकाळाच्या पुराव्यांवर मिळालेला आहे; पुढचा काळ लिहायचा राहिलाच आहे.

मराठवाडा साहित्य परिषद आणि मराठी विज्ञान परिषद यांनी एकत्र बसून दरवर्षी नव्या विज्ञान आणि अद्भुत कादंबऱ्यांची क्रमवार यादी काढावी, तिच्यावर जाहीर चर्चा ठेवावी. 1983 चे साहित्य संमेलन भरवणाऱ्या अंबाजोगाईला अशी एक बैठक जड नाही. परीक्षकांत एखादा शेतकरी, एखादी ऊसतोड घरातली विद्यार्थिनी असू द्या. आणि पहिल्या वर्षी पहिल्या क्रमांकाच्या तोडीचे काही हाती लागले नाही, तर ती जागा रिकामी ठेवून यादी तशीच छापा.