कुलूप ॲपला, पण चावी ग्रुपवर



फेब्रुवारी अखेरची गोष्ट. वरच्या प्लॉटला छाटणी धरून 128 दिवस झाले होते, माल तयार होता. एक व्यापारी बाग बघायला आला. अजून बांधावरच होता, आत शिरलाही नव्हता, तोवर म्हणाला, "अण्णा, खालच्या चार ओळींत मण्यांना तडे गेलेत ना? आणि तुम्हाला मार्चअखेर सोसायटी पण भरायचीय. उगं ताणू नका." मी किलोला 42 सांगत होतो. शेवटी 34 ला सौदा झाला.

रात्री झोप नाही. याला सांगितलं कुणी? मग ध्यानात आलं, मीच सांगितलं होतं. तडे गेलेल्या घडांचा फोटो मी सल्ल्याच्या ग्रुपवर टाकला होता, प्लॉटच्या दिवसांसकट. सोसायटीच्या व्याजाचं विचारलं तेही तिथंच. ग्रुपात 380 माणसं. त्या रात्री पहिल्यांदा मेंबरची यादी नीट वाचली. त्यात व्यापारी, दलाल, औषधं विकणारी पोरं, आणि कितीतरी नंबर असे की ॲडमिनलाही ओळखता येईनात.

हे मी ग्रुपवर मांडलं तर तीन उत्तरं आली. एक जण म्हणाला, टेलिग्रामवर चला. दुसरा म्हणाला, स्वदेशी अरट्टाई घ्या. तिसरा म्हणाला, शेतकऱ्याकडं लपवण्यासारखं असतंय काय?

तिसऱ्याला आधी उत्तर देतो. आपला माल कधी निघणार, त्यात खोट काय, कर्ज किती, पैशाची नड कधी, एवढं समोरच्याला कळलं की भाव त्याच्या हातात गेला. व्यापारी त्याची पुढची पट्टी काय लागणार ते कधी ग्रुपवर टाकतो का? मग आपणच का टाकायचं? घराला कडी लावतो ती चोरीचा माल लपवायला नाही.

आता ॲपचं. मला समजलं ते साध्या भाषेत सांगतो.

व्हॉट्सॲपमध्ये 2016 पासून मेसेजला दोन्ही टोकांचं कुलूप आहे. पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणाला, कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही. पण तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता हे कंपनीला कळतं, आणि ही कंपनी 2014 पासून फेसबुकवाल्यांची आहे. दुसरं, गूगल ड्राइव्हवर जो बॅकअप जातो त्याचं कुलूप वेगळं असतं. ते सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करायचं.

टेलिग्राम सोयीचं आहे, मोठ्या पीडीएफ जातात, एका ग्रुपात दोन लाख माणसं बसतात. पण तिथल्या साध्या गप्पा आणि ग्रुप कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि चावीही कंपनीकडंच असते. त्यातली सीक्रेट चॅट वेगळी. ती दोघांपुरतीच असते आणि मुद्दाम चालू करावी लागते. म्हणजे बाजारभाव वाचायला टेलिग्राम ठीक, पासबुकचा फोटो पाठवायला नाही.

अरट्टाईची 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लाट आली तेव्हा त्यात कॉलला असं कुलूप होतं, मेसेजला नव्हतं. स्वदेशी असणं चांगलंच. पण कुठलंही ॲप घेताना आज कुलूप कशाकशाला आहे, हे आधी बघायचं.

सिग्नल हे नफा न कमावणाऱ्या संस्थेचं ॲप. व्हॉट्सॲपमधलं कुलूपही मूळ त्यांच्याच पद्धतीचं. 2016 साली अमेरिकेत कोर्टाचं समन्स आलं तेव्हा त्यांच्याकडं द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. अडचण एकच, आपल्या गावात ते कुणाकडं नसतं.

म्हणून माझं मत असं आहे. चांगलं ॲप जरूर निवडा, पण माझा भाव पडला तो कुलूप तुटल्यामुळं नाही. चोर आतच बसला होता आणि मी त्याला वाचून दाखवत होतो. 380 जणांच्या ग्रुपात कुठलंच कुलूप कामाचं नाही.

मी आता असं ठरवलंय. रोग-किडीचा प्रश्न ग्रुपवर, पण दिवस, टन आणि पैसा नाही. सौदा आणि हिशोब घरच्यांशी आणि दोन भागीदारांशी सिग्नलवर. मेसेज आठवड्यानं आपोआप पुसले जातील असं लावलंय. आधार द्यायचंच पडलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार, तेही एकट्या माणसाला. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावलाय, आणि मला ग्रुपात कोण घेऊ शकतं ते फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवलंय. आणि ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल आली, अगदी भावकीतल्या नंबरवरून आली, तरी उघडायची नाही. त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. सरकारी ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 ला फोन.

शेवटचं बोलणं कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींशी. साहेब, तुमचा सल्ला आम्हाला हवाच आहे. पण पंचनामा, विमा, अनुदान आलं की तुम्ही म्हणता, "सातबारा, आधार, पासबुक ग्रुपवर टाका." तसं करू नका. कागद एकेकट्यानं मागवा, काम झालं की पुसा. सल्ला द्यायला व्हॉट्सॲपचं चॅनेल काढा, तिथं एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. आणि ग्रुप ठेवायचाच असेल तर हंगामाच्या आधी यादी चाळा. बागेतलं तण काढतो तसं.

तुमच्या ग्रुपवर कोण कोण बसलंय, आज रात्री एकदा यादी उघडून बघा. आणि काय सापडलं ते मला सांगा.