विद्यापीठाचे सामने टीव्हीवर पाहायचेत? केबल की डिश, समजून घ्या

घरातली मुलगी विद्यापीठाच्या संघात असेल, तर तिचा सामना टीव्हीवर दिसावा असं सगळ्यांनाच वाटतं. पण त्यासाठी महागडा स्पोर्ट्स पॅक घ्यायची गरज नाही.

कुठे दिसतात?
२०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचे निवडक सामने डीडी स्पोर्ट्सवर दाखवले जातात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन लढती मात्र सहसा टीव्हीवर नसतात. त्या मैदानावरच पाहाव्या लागतात.

केबल कुणासाठी?
जळगाव, धुळे शहरात केबल आधीपासून असेल तर बदलू नका. डीडी स्पोर्ट्स मोफत वाहिनी आहे. दिसत नसेल तर केबलवाल्याला विचारा. अडचण विजेची. घरी इन्व्हर्टर असला, तरी वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरची वीज गेली की चित्र जातं.

डिश कुणासाठी?
रावेर, शिरपूर, साक्रीकडच्या ज्या शेतवस्त्यांवर केबल पोहोचत नाही, त्यांना डीडी फ्री डिश सोयीची. छत्री आणि सेट-टॉप बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही. छत्रीचं तोंड आग्नेयेकडे ठेवा; समोर झाड किंवा भिंत नको. जोराच्या पावसात चित्र अडकतं.

थोडक्यात
वाहिनी दोन्हीकडे तीच. तार दारात असेल तर केबल ठेवा, नसेल तर फ्री डिश बसवा. पॅकचे वाचलेले पैसे मुलीच्या बुटांना लावा.