तपासायचं टेबल कुठे आहे?

माझ्या मामेबहिणीची पिशवी काढली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. दोन लेकरं झालेली, नवऱ्याबरोबर दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. तिला कॅन्सर नव्हता. पिशवीत गाठ नव्हती. तिच्या अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं आणि कंबर धरायची. आज एकतिसाव्या वर्षी तिला रात्री दरदरून घाम फुटतो, हाडं ठणकतात, मोळी डोक्यावर घेताना डोळ्यांपुढे अंधारी येते. "ताई, दुखणं गेलं नाही, नुसती जागा बदलली," असं ती मला म्हणाली. ते वाक्य मनातून जात नाही म्हणून हे लिहायला बसले आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ साली देशभर गाजला. सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींत एक. देशाचं प्रमाण पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत शेकडा तीनच्या आसपास आहे. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, पुढारी येऊन गेले, खाजगी दवाखान्यांनी पिशवी काढण्याआधी जिल्ह्याच्या सरकारी डॉक्टरांची परवानगी घ्यावी असा नियम झाला. आपणही मोर्चे काढले, निवेदनं दिली.

पण मैत्रिणींनो, आपण बोट कोणाकडे दाखवलं? सुरी चालवणाऱ्या सर्जनकडे. ते योग्यच होतं. मात्र सर्जनच्या टेबलापर्यंत बाई एका दिवसात पोचत नाही. त्याआधी दोन-तीन वर्षं ती दुसऱ्याच एका खुर्चीसमोर बसलेली असते. ती खुर्ची आपल्या साध्या, नेहमीच्या, ओळखीच्या डॉक्टरची. आज मला बोलायचं आहे ते त्या खुर्चीबद्दल.

तालुक्याच्या गावातला नेहमीचा दवाखाना डोळ्यांपुढे आणा. बाहेर बाकावर पंधरा माणसं. आत डॉक्टर, शेजारी कंपाउंडर, दारात पुढचा पेशंट उभा. बाईबरोबर सासू किंवा नवरा. डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" एवढ्या लोकांपुढे बाई काय सांगणार? ती म्हणते, "कंबर दुखते, अशक्तपणा वाटतो." डॉक्टर नाडी धरतात, एक इंजेक्शन देतात, जास्तच गळून गेली असेल तर सलाईन लावतात. पैसे घेतात. महिन्याने ती परत येते. या वेळी सासू पुढे होऊन हळूच सांगते, "अंगावर पांढरं जातंय." डॉक्टर मान हलवतात आणि न तपासता गोळ्या लिहून देतात. नवऱ्याला गोळ्या नाहीत. त्याचं नावही निघत नाही. दुखणं घरातच राहतं आणि पुन्हा तिच्याकडे येतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला सोनोग्राफीची चिठ्ठी मिळते. "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, एकदाची काढून टाका." आणि कोणत्या दवाखान्यात जायचं तेही तेच सांगतात. त्या सांगण्याचे पैसे कुठून कुठे जातात हे तालुक्याच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

या सगळ्या वर्षांत तिला आतून तपासलं कोणी? कोणीच नाही. माझ्या मामेबहिणीला मी विचारलं. ती म्हणाली, "तपासलं ना. पोटावर यंत्र फिरवलं."

हे नवीन नाही, हे त्यातलं सर्वांत लाजिरवाणं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत घरोघरच्या बायकांना बोलावून तपासलं. तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ होत्या. लोकसंख्या नियंत्रणाच्या नावाखाली बाईच्या गर्भाशयामागे हात धुऊन लागलेल्या सरकारला त्याच गर्भाशयाचा आजार दिसत नव्हता, हे तेव्हा जगाला कळलं. त्याला तीन दशकांहून जास्त काळ लोटला. तालुक्याच्या दवाखान्यात तपासायचं टेबल आणि त्यासमोर एक पडदा अजून आलेला नाही.

डॉक्टर मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं: "बायकाच मागतात हो. स्वतः येऊन म्हणतात, काढून टाका." खरं आहे, म्हणतात. का म्हणतात तेही ऐका. तोडीवर नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे दंड. कोपीत न्हाणी नाही, संडास नाही, पाणी दूर. पाळीच्या दिवसांतही पहाटेपासून उसाच्या फडात वाकायचं आणि मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं. अशा बाईला कोणी सांगितलं की एका ऑपरेशनने पाळी, पांढरं जाणं आणि कॅन्सरची भीती एकदमच सुटेल, तर ती हो म्हणणारच. ऑपरेशनचा पैसाही पुष्कळदा उचलीतूनच जातो आणि पुढच्या हंगामात फिटतो. याला मी मागणी म्हणत नाही. दुसरी सगळी दारं बंद करून एक उघडं ठेवलं आणि बाई त्यातून आत गेली, तर ती तिची निवड होते का?

आणि डॉक्टर, तुम्ही शिकलेले आहात. पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. महिन्याच्या मधल्या दिवसांत थोडं पांढरं जाणं हे तर निरोगी बाईलाही होतं. वास, खाज, जळजळ असेल तर बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. तो साध्या औषधांनी बरा होतो आणि काही प्रकारांत नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयाचं तोंड बघा, व्हिनेगर लावून करायची साधी तपासणी करा. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या बायकांसाठी ती आहे. कॅन्सर पुढे होईल म्हणून धडधाकट अवयव काढायचा हा न्याय तुम्ही पुरुषाच्या शरीराला लावाल का?

गेल्या वर्षी मी आमच्या गटातल्या एका बाईबरोबर गेले. तिलाही पिशवी काढायची चिठ्ठी मिळाली होती. आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो. बाई डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येत, म्हणून दोन हेलपाटे झाले. तिसऱ्या खेपेला त्यांनी पडदा ओढला, टेबलावर घेतलं, टॉर्च लावून पाहिलं. सगळं मिळून दहा मिनिटं. जंतुसंसर्ग निघाला. तिला आणि नवऱ्याला गोळ्या. नवरा आधी कुरकुरला, मग घेतल्या. तिची पिशवी आज जागेवर आहे. दहा मिनिटं आणि एक पडदा, एवढ्यावर ते भागलं.

२०१३ साली डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी बिहार, राजस्थान आणि छत्तीसगडमधल्या अशाच ऑपरेशनांबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल ५ एप्रिल २०२३ रोजी लागला. अनावश्यक पिशव्या काढणं रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश झाला. देखरेख समित्या आल्या. चांगलं झालं. पण परवानगीचा नियम शेवटच्या दारावर कुलूप लावतो. पहिलं दार तो उघडत नाही. परवानगी न मिळालेली बाई तेच दुखणं घेऊन परत त्याच बाकावर येऊन बसते, नाहीतर शेजारच्या जिल्ह्यात जाऊन काढून घेते.

म्हणून आपल्या मागण्यांत आता बदल हवा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पडदा, टेबल आणि तपासणी करणारी प्रशिक्षित बाई ठरलेल्या दिवशी नव्हे, रोज हवी. तोडीच्या हंगामात कारखान्याच्या तळावर हीच सोय हवी, आणि खर्च कारखान्याने द्यावा. पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांचा खाडा बंद व्हावा. आतून तपासल्याची नोंद असल्याशिवाय पिशवी काढायची चिठ्ठी कोणत्याही डॉक्टरने देऊ नये. चिठ्ठी कोणी दिली तेही समितीपुढे यावं.

आणि एक काम आपलं स्वतःचं. आपल्या गटांच्या बैठकांत आपण दारूबंदीवर बोलतो, पोटगीवर बोलतो, पण "अंगावर जातंय" म्हणताना अजून आवाज खाली जातो. तो वर काढू या. पुढच्या वेळी गटातली कोणी डॉक्टरकडे निघाली की दोघी-तिघींनी बरोबर जायचं. चिठ्ठी हातात पडली की पैसे द्यायच्या आधी सरळ विचारायचं, "डॉक्टर, तुम्ही हिला तपासलंत का? तपासायचं टेबल कुठे आहे?"

उत्तर मिळेपर्यंत बाकावरून उठायचं नाही.