काम घरी आले, कीर्द कोठे आहे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हायटेक सिटीतील कचेऱ्यांचे काम काचीगुडा-सुलतान बाजारच्या घरांत येऊन बसले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला केंद्राच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटर व बीपीओ कंपन्यांवरील जुनी बंधने सैल केली आणि घरून काम करण्याची वाट मोकळी झाली. आज अनेक ठिकाणी काही दिवस कचेरीत, काही दिवस घरून, अशी पद्धत रुळली आहे.

ही पद्धत आता मोठ्या कंपन्यांपुरती राहिलेली नाही. आपल्यातील कितीतरी पालकांची दुकाने आहेत, छोट्या कचेऱ्या आहेत, घरगुती फराळाचे व्यवसाय आहेत. तेथेही मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, पैसे यूपीआयने जमा होतात आणि हिशेब लिहिणारी व्यक्ती आठवड्यातील काही दिवस घरूनच काम करते. आम्हांस हा बदल स्वागतार्ह वाटतो. लहान मूल किंवा वृद्ध सासूबाई घरी आहेत म्हणून ज्या भगिनींना नोकरी सोडावी लागे, त्यांना यामुळे काम करता येते.

परंतु साधने आली, शिस्त मागे राहिली, असे चित्र सर्रास दिसते. मागणी मालकाच्या मोबाइलमध्ये, उधारी त्यांच्या डोक्यात आणि बिले हिशेबनिसाच्या घरच्या संगणकावर! सगळे एका गादीवर बसत तेव्हा हाक मारून विचारता येई. आता माणसे दोन ठिकाणी असतात. जे लिहिलेले नाही ते दुसऱ्याला कळतच नाही. मग रात्री दहा वाजता फोन सुरू होतात आणि घरून काम म्हणजे चोवीस तास काम होऊन बसते.

आपल्या आजोबांच्या कीर्दीचे नियम साधे होते. ज्या दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी लिहायचा, खाडाखोड करायची नाही आणि शिल्लक जुळल्याशिवाय वही मिटायची नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीचे नियमही याहून फार वेगळे नाहीत. नोंद पुसू नये, संगणकावर बदलली वा काढली तर त्याचीही नोंद राहावी, आणि वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा, असे ते सांगतात. ज्याचे सारे हिशेब एका नोकराच्या मोबाइलमध्ये आहेत, त्याने तो नोकर उद्या गाव सोडून गेला तर काय करायचे?

म्हणून नवे अ‍ॅप घेण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. कोणते काम कोणाचे. नोंद कोठे करायची. हिशेबाची दुसरी प्रत कोठे ठेवायची. आणि कामाची वेळ कधी संपते. खाते, पासवर्ड व सिमकार्ड व्यवसायाच्या ताब्यात असावे. एवढे झाले तर साधे कोष्टकही पुरते. न झाल्यास महागडे सॉफ्टवेअरही व्यर्थ.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. "आमचा बंड्या सगळं करतो हो!" असे कौतुकाने सांगत काही घरांत आठवी-नववीच्या मुलांच्या हाती दुकानाचा फोन, पिन आणि ओटीपी दिला जातो. मुलांनी मदत जरूर करावी, आईबाबांना शिकवावेही. पण पैशांची जबाबदारी त्यांच्या कोवळ्या खांद्यावर नको. विद्यार्थी मित्रांनो, एवढे मात्र घरी सर्वांना सांगा : पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी तसा मागितला तर तो फसवतो आहे असे समजा, आणि फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवा.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, शाळेच्या संगणक कक्षात पालकांसाठी दोन शनिवारांचा वर्ग घ्यावा. पहिल्या शनिवारी हिशेबाचे कोष्टक, दुसऱ्या शनिवारी सुरक्षित व्यवहार. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी तो चालवावा. दिवाळीत आपण वहीपूजन करतो. पाटावर उद्या वहीऐवजी संगणक आला तरी हरकत नाही, त्यातली शिल्लक तेवढी त्या दिवसापर्यंत जुळलेली असावी!