दप्तर उघडा, मग बोला

छोट्या गावांतल्या कृष्णवर्णीयांचे कागदच नाहीत, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ते कसे जगले हे सांगणं म्हणजे कल्पनाविलास, असा एक आक्षेप आहे. तो अगदीच निराधार नाही. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी झाली. तीत नाव मालकाचं. गुलामांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. हा अन्याय कोणी नाकारत नाही.

पण एका यादीत नाव नाही म्हणून माणसाचा मागच उरला नाही, हे अनुमान मला साफ अमान्य आहे. इलिनॉयच्या पाइक काउंटीत १८३६ साली फ्रँक मॅकवॉर्टर यांनी न्यू फिलाडेल्फिया हे गाव वसवलं. १४४ भूखंडांचा नकाशा त्यांनी रीतसर नोंदवला. केंटकीत गुलाम असतानाच सोरा तयार करून त्यांनी पैसा जोडला होता. त्यातून १८१७ मध्ये पत्नी लूसीला आणि १८१९ मध्ये स्वतःला सोडवलं. १८३७ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने खास कायदा करून त्यांना मॅकवॉर्टर हे आडनाव दिलं. त्या कायद्यासाठी विधिमंडळापुढे ठेवलेल्या कागदांतच नोंद आहे की, भूखंड विकून आलेल्या पैशातून त्यांना आपली मुलं सोडवायची आहेत; दोन तरुण मुली, वय सुमारे वीस, अजून गुलामीत आहेत. बापाचा जीव कशात अडकला होता, हे सरकारदफ्तरातला कागदच सांगतो. याला कल्पनाविलास कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप असा, की कागद गोऱ्या कारकुनांचे, मग विश्वास कसा ठेवायचा? आंधळा विश्वास ठेवूच नये. खरेदीखत, करनोंद, जनगणना, मृत्युपत्र एकमेकांशी ताडून पाहावीत. फ्रँक यांच्या वंशज आणि इतिहासकार ज्युलिएट वॉकर यांनी घरातल्या आठवणी आणि कोर्टातली दप्तरं यांच्या आधारे १९८३ साली त्यांचं चरित्र लिहिलं. पुढे उत्खननही झालं. १८६९ मध्ये रेल्वेने वळसा घातल्यावर ओस पडत गेलेलं हे गाव २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलं.

या इतिहासाशी आपलंही जुनं नातं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या मुक्तीची गोष्ट आपण लिंकनपाशीच संपवतो. जे स्वतःच्या कष्टाने सुटले, त्यांचीही नावं आपल्या वाचनात आली पाहिजेत. आणि पुरावा नाही म्हणणाऱ्यांनी आधी पाइक काउंटीचं दप्तर उघडावं.