डॉक्टरकी राहिली ती राहिलीच

आमच्या कन्येने शाळेच्या बँडमध्ये डबलबास धरल्यापासून घरात जॅझचा संचार आहे. चौकशी करता करता आम्ही तोशिको अकियोशीबाईंपाशी पोचलो. जन्म १९२९, मांचुरियातला. युद्धानंतर कुटुंब सर्वस्व गमावून जपानला, बेप्पूला परतले. वडिलांच्या मते मुलीने वैद्यकीला जायचे. मुलीला हवा पियानो, आणि घरात तो उरलाच नव्हता! तिने सरळ डान्स हॉलमध्ये नोकरी धरली. वडील भडकले. (ओळखीचे वाटते ना?) १९५६ साली बाई बॉस्टनच्या बर्कलीत शिकायला गेल्या. अठरा वर्षांनी, १९७४ च्या 'कोगुन'मध्ये, बिग बँडच्या जोडीला त्यांनी चक्क नोह नाटकातला त्सुझुमी बसवला. परदेशात राहून!

जुकूच्या फीची बोलणी आम्ही तूर्त पुढे ढकलली आहेत. सौ.ना हे अजून पटलेले नाही.