यात बाबासाहेब कुठे आहेत?

लोणी काळभोरच्या आमच्या वस्तीतल्या एका तरुणानं घरच्या घरी, साध्या मोबाइलवर व्हायोलिनचे सहा तुकडे रेकॉर्ड केले. शब्द नाहीत, तबलाही नाही. आठ वर्षं शास्त्रीय शिकलेला मुलगा. पत्र्याची एक खोली, तीत पाच माणसं. तेलाच्या डेपोकडं जाणाऱ्या टँकरची वर्दळ ओसरली की रात्री दीड-दोनला तो वाजवायला बसायचा. घोडीवर म्यूट चढवून, नाहीतर धाकटी बहीण उठते. एका मालकंसात मध्येच टँकरचा हॉर्न आहे, दुसऱ्या तुकड्यात आईचा खोकला.

विहारात ऐकवलं, तेव्हा आपल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्यानं विचारलं, "छान आहे, पण यात बाबासाहेब कुठे आहेत?"

आमचं भांडण या प्रश्नाशी आहे.

मित्रांनो, पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसच्या संग्रहालयात जा. तिथं बाबासाहेबांचं व्हायोलिन ठेवलेलं आहे. उत्तरायुष्यात, कामाचा डोंगर अंगावर असताना, त्यांनी शिक्षक लावून ते शिकायला घेतलं. सभेत वाजवायला नव्हे. मग त्या व्हायोलिनमध्ये बाबासाहेब नव्हते का?

भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादांची गाणी यांनी चळवळ गावोगाव नेली. ते ऋण कोण नाकारेल? पण आपलं संगीत कायम दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचं असलं पाहिजे, ही अट जलशानं घातलेली नाही. ती गावकीची आहे. लग्न पाटलाचं, हलगी आमची. या मुलाचे आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरात मांडवात शिरायची, बँड बाहेर थांबायचा. घरी आल्यावर क्लॅरिनेट पेटीत, कारण ते मालकाचं. तीच अट आता चळवळीच्या नावानं नातवाला लावायची?

दुसरीकडून शास्त्रीयवाले सांगतात, 'आवाज स्वच्छ नाही, स्टुडिओत कर.' बर्लिनचा निल्स फ्राम, तोही शास्त्रीय पियानो शिकलेला. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून रात्री पियानोच्या तारांवर जाड लोकरी कापड लावून वाजवायचा. २०११ साली त्यातूनच 'फेल्ट' हा अल्बम आला. लाकडाची करकर, श्वासाचा आवाज, सगळं त्यात ऐकू येतं, आणि त्याचंच कौतुक झालं. त्याच्या खोलीतले आवाज कला, आणि आमच्या खोलीतला खोकला तेवढा दोष?

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही बोर्द्यूचं 'सांस्कृतिक भांडवल' पाठ केलं. दार लावून एकटं बसता येणं हेही भांडवलच आहे, हे मात्र वस्तीत काम करताना कळलं. ज्याला ते मिळालं नाही, त्यानं झोपलेल्या घरातून रात्रीचे दोन तास काढून घेतले. याला कुणी अभिजनांची हौस म्हणत असेल, तर आमच्यासमोर येऊन म्हणावं.

येत्या रविवारी संध्याकाळी विहारात सहाही तुकडे पुन्हा लावणार आहोत. त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनाही निरोप गेला आहे. स्पीकर लहान आहे, जवळ येऊन बसावं लागेल.